बॉबर बुडाल्यानंतरचे दहा सेकंद: मिल लॅक्स तलावावरची एक संध्याकाळ

पार्श्वभूमी

हे प्रकरण काही वर्षांपूर्वीच्या जूनमधलं, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातलं आहे. जागा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला मिल लॅक्स तलाव, मिनियापोलिसपासून उत्तरेला साधारण १०० मैलांवर. बोटीत आम्ही चौघे होतो: चाळिशीतला एक मराठी अभियंता, त्याची अकरा वर्षांची मुलगी, भारतातून तीन महिन्यांसाठी आलेले त्याचे वडील आणि मी. बोट माझी आणि तलावही माझ्या ओळखीचा, म्हणून जे जमलं आणि जे चुकलं त्या दोन्हींत माझा वाटा मोठा आहे. कुटुंबाची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

वडिलांना मी काका म्हणतो. ते अलिबागजवळच्या खारेपाटातले, निवृत्त शिक्षक. त्या भागात शेताच्या कडेला तळी असतात आणि तळ्यांत जिताडा वाढवतात. काकांचं बालपण तळ्याकाठी आणि खाडीवर गरवण्यात गेलेलं. हाताने दोरा सोडायचा, आमिषाला कोळंबी, आणि मासा दोरा ओढायला लागला की श्वास रोखून थांबायचं. त्यांचा नियम सरळ होता: माशाला गरी, म्हणजे हुक, गिळू द्यायची, मगच ओढायचं. घाई केली तर रिकाम्या हाताने घरी. धरलेला प्रत्येक मासा कालवणात जाणार असेल तर या नियमात काहीच चूक नाही. गरी ओठात अडकली की पोटात गेली, याने जेवणाऱ्याला काय फरक पडतो?

मुलगा अमेरिकेत येऊन पंधरा वर्षं झाली होती, पण गळ त्याने दोन-तीनदाच हातात धरला होता. नातीची ही पहिलीच वेळ. अशा तिघांना एकत्र घेऊन वॉलआय मासा धरायचा तर मला एकच पद्धत सुचली, स्लिप बॉबर. बॉबर म्हणजे गळाच्या दोऱ्यावर तरंगणारा छोटा बोंडा, माशाने आमिष ओढलं की तो बुडतो.

मासा आणि पद्धत

वॉलआय हा मिनेसोटाचा राज्यमासा, १९६५ पासून. अंगावर सोनेरी-हिरवट झाक, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका आणि मोठे, दुधाळ दिसणारे डोळे. डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधूक उजेडात त्याला आपल्या भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. म्हणून तो संध्याकाळी, पहाटे, ढगाळ हवेत किंवा वाऱ्याने पाणी खळबळलेलं असताना खायला निघतो. त्या संध्याकाळी अंधार पडताना विजेरीच्या उजेडात एका वॉलआयचा डोळा चमकला आणि काका म्हणाले, "अरे, हा तर जिताड्याचा डोळा!" दोन्ही माशांचं नातं लांबचं आहे, पण निरीक्षण अचूक होतं. जिताड्याचेही डोळे उजेडात असेच पेटतात.

आता बॉबरबद्दल. साधा बॉबर दोऱ्याला एका जागी घट्ट बसतो. पाणी बारा फूट खोल असेल तर बॉबरखाली अकरा फूट दोरा लोंबणार, आणि सात फुटी काठीने तो फेकता येत नाही. स्लिप बॉबरच्या मधून आरपार नळी असते आणि दोरा तिच्यातून मोकळा सरकतो. दोऱ्यावर हव्या त्या खोलीवर जाड धाग्याची छोटी गाठ बांधायची, तिच्याखाली एक मणी, मग बॉबर, मग शिसं, आणि शेवटी दीड-दोन फुटांच्या पातळ दोऱ्याला हुक. गाठ इतकी बारीक असते की काठीच्या कड्यांतून जाऊन रिळावर गुंडाळली जाते. फेकताना बॉबर शिशाला टेकलेला असतो. पाण्यात पडल्यावर शिसं दोरा खाली ओढतं, गाठ मण्यापाशी येऊन अडते, आणि आमिष नेमकं ठरवलेल्या खोलीवर थांबतं.

आमिष म्हणून जिवंत जळू. जळू म्हटल्यावर आपल्याकडे भुवया वर जातात, पण इथल्या आमिषाच्या दुकानात ती डझनाच्या हिशेबाने मिळते आणि माणसाच्या रक्ताच्या मागे लागत नाही. तिच्या रुंद टोकाला चिकटण्याची चकती असते, तिथून हुक ओवला की ती पाण्यात फितीसारखी लहरत राहते. उन्हाळ्यातल्या वॉलआयला याहून जास्त भुरळ घालणारं काही मी पाहिलेलं नाही.

तलाव आणि त्या वर्षीचा नियम

मिल लॅक्स साधारण १,३२,००० एकरांवर पसरलेला आहे, पण अगदी खोल जागीही ४२ फुटांच्या आसपासच. उथळ परातीसारखा तलाव, वारा सुटला की लाटा लवकर उठतात. उत्तरेकडच्या भागात चिखलाचे उंचवटे आहेत, दक्षिणेकडे खडकाळ. २००५ मध्ये इथे झेब्रा शिंपले सापडले. हे शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे पाणी नितळ होत गेलं आणि उजेड टाळणारा वॉलआय दिवसा आणखी दबून राहू लागला.

या तलावातल्या माशांवर दोघांचा हक्क आहे, मिनेसोटा राज्याचा आणि इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे जमातींचा. १८३७ च्या करारात ओजिब्वे लोकांनी अमेरिकेच्या सरकारला जमीन दिली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क अबाधित असल्याचा निकाल दिला. दरवर्षी किती वॉलआय काढणं सुरक्षित आहे ते दोन्ही बाजू मिळून ठरवतात आणि वाटून घेतात. २०१७ साली हा आकडा ६४,००० पौंड होता: राज्याच्या वाट्याला ४४,८००, ओजिब्वे जमातींच्या वाट्याला १९,२००. त्या वर्षी गळवाल्यांना एकही वॉलआय घरी नेता येत नव्हता, तरीही राज्याचा वाटा संपून गेला आणि जुलैत काही आठवडे वॉलआयची मासेमारी बंद ठेवावी लागली.

सगळे मासे सोडायचे, मग वाटा कसा संपला? कारण सोडलेल्यांपैकी काही मरतात आणि ते मेलेले मासे हिशेबात धरले जातात. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने याच तलावावर अभ्यास करून दाखवलं आहे की पाणी जितकं गरम आणि हुक जितका खोल, तितके सोडलेले मासे जास्त मरतात. आमच्या प्रकरणाचं मूळ या वाक्यात आहे आणि त्या संध्याकाळी बोटीत ते फक्त मला माहीत होतं.

आम्ही गेलो त्या वर्षी जूनमध्येही हाच नियम होता: धरलेला प्रत्येक वॉलआय ताबडतोब परत पाण्यात. मुलाला हे ठाऊक होतं. काकांना त्याने सांगितलेलं नव्हतं. काकांसाठी परराज्यातल्या माणसाचा तीन दिवसांचा परवाना काढला होता. नात सोळा वर्षांखालची, तिला परवाना लागत नाही. कागद सगळे नीट होते.

पहिली अडचण: आडवा पडलेला बॉबर

संध्याकाळी सहाला आम्ही खडकाळ उंचवट्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला नांगर टाकला. उंचवट्याचा माथा आठ फुटांवर, कडा उतरत चौदापर्यंत. वारा चांगला होता, पाण्याला हवी तशी खळबळ होती. बॉबर वाऱ्याबरोबर कडेवरून वाहत जातील असा बेत. दीड तास एकही मासा लागला नाही.

अशा वेळी बोटीतला जो तो जागा बदलूया म्हणतो. मुलगाही तेच म्हणाला. जागा बदलणं सोपं आणि काहीतरी केल्याचं समाधान देणारं असतं. पण पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर कडेला मासे दिसत होते, म्हणून मी अडून राहिलो.

उत्तर नातीने शोधलं. ती म्हणाली, "बाबाचा बॉबर उभा आहे, माझा झोपलाय."

स्लिप बॉबर वाचायला शिकायचा असेल तर सुरुवात इथून करावी. बॉबर उभा असेल तर शिसं त्याला खाली ओढतंय, म्हणजे आमिष अधांतरी लोंबतंय. आडवा पडला तर दोनच शक्यता: आमिष तळाला टेकलंय, किंवा दोरा नळीत अडकल्यामुळे शिसं खाली गेलेलंच नाही. नातीच्या दोऱ्याला मी सवयीने एकच बारीक शिशाची गोळी लावली होती. वाऱ्याने दोरा ताणला जात होता आणि ओला दोरा नळीला चिकटत होता. तिची जळू बहुधा चार-पाच फुटांवरच तरंगत होती. दुसरी गोळी चिमटल्यावर बॉबर हळूहळू उभा राहिला आणि पाण्यावर फक्त त्याचं केशरी टोक उरलं. असाच हवा. जितका कमी तरंगेल तितका माशाला विरोध कमी जाणवतो.

काकांचाही बॉबर आडवा होता, पण कारण उलटं. त्यांनी गाठ हाताने मापून बांधली होती आणि ती दोन फूट जास्त खोल गेली होती. त्यांची जळू खडकाखाली जाऊन चिकटून बसली होती, दोरा ओढताना दगडाला धरलेली जाणवली. गाठ खाली सरकवून आमिष तळापासून फूटभर वर आणलं.

दोघांचं लक्षण एकच, कारणं वेगळी. यात माझी चूक इतकीच की तिघांच्या काठ्या मी घाईत तयार करून दिल्या आणि पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येकाचा बॉबर तपासला नाही. दीड तास त्यात गेला.

दुसरी, खरी अडचण

साडेसातनंतर मासे लागू लागले. पहिला नातीचा, सतरा इंची, हुक ओठाच्या कोपऱ्यात. तो पाण्यातच पक्कडीने सोडवला आणि क्षणात खाली गेला. ती इतकी खूश झाली की पुढचा बॉबर कधी बुडाला ते तिला कळलंच नाही.

मग काकांचा बॉबर गेला. मुलगा ओरडला, "बाबा, ओढा!" काकांनी हात वर केला. "थांब रे, गिळू दे." त्यांनी मनातल्या मनात मोजलं असावं, दहा सेकंद तरी. मग खेचलं. काठी वाकली, आणि पाच मिनिटांनी हातजाळ्यात चोवीस इंचांची मादी आली. काकांचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. मग मी तिचं तोंड उघडलं. हुक दिसतच नव्हता, दोरा थेट घशात गेला होता आणि कल्ल्यांतून रक्त येत होतं.

खोल गेलेला हुक उपसून काढायचा नसतो. काढताना होणारी जखम हुकापेक्षा वाईट. शक्य तितक्या आत दोरा कापायचा आणि सोडून द्यायचं. मी तेच केलं. मादी कुशीवर तरंगत राहिली. मी तिला शेपटीपाशी धरून सरळ ठेवली, दोन-तीन मिनिटांनी ती हातातून सुटून खाली गेली. पण दहा मिनिटांनी पुन्हा वर आली, तीस-चाळीस फुटांवर, पोट वर. सीगल उतरले.

काका म्हणाले, "ती आण. मेलीच आहे, घरी नेऊ."

मुलगा म्हणाला, "नाही नेता येत बाबा. इथला कायदा आहे."

"मेलेलं अन्न पाण्यात टाकायचं? आमच्याकडे याला पाप म्हणतात."

मुलाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, पण मी ते त्या क्षणी दिलं नाही. मासे चावत होते, नात आनंदात होती, वातावरण बिघडवायचं नव्हतं. "होतं असं कधीकधी" म्हणून मी नवा हुक बांधून दिला. या प्रकरणातला सर्वात चुकीचा निर्णय तो होता.

पुढच्या अर्ध्या तासात आणखी तीन मासे. मुलाने काठी बोटीच्या कडेच्या आधारात ठेवली होती आणि तो मुलीला मदत करत होता. बॉबर केव्हा बुडाला ते त्याला समजलंच नाही. हुक घशात. काकांचा आणखी एक, तोही घशात. नातीचा एक ओठात. पाचपैकी तीन खोल. मी पृष्ठभागाचं तापमान बघितलं: ७१ अंश फॅरनहाइट, म्हणजे २२ सेल्सिअसच्या जवळपास. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि थकलेला मासा सावरायला वेळ घेतो. अशा पाण्यात तीन खोल हुक म्हणजे काय, हे मला माहीत असूनही मी बोललो नव्हतो.

पर्याय काय होते

साडेआठ वाजले होते. सूर्यास्त नऊच्या पुढे, म्हणजे उत्तम वेळ अजून यायची होती. मी तिघांना गळ वर घ्यायला सांगितलं आणि कोटा, २०१७, सोडलेल्या माशांचा हिशेब, सगळं सांगितलं. काकांनी मध्येच विचारलं, "म्हणजे आपण सोडलेला मासा मेला तर तो आपल्याच नावावर लागतो?"

"हो काका. आणि खायलाही कोणाला मिळत नाही."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही. मी गिळू दिलंच नसतं."

त्या वाक्याला काही उत्तर नव्हतं. आम्ही पर्याय मांडले.

थांबून परत जायचं. माशांसाठी हाच सर्वात चांगला, यात शंका नाही. पण नातीची पहिली संध्याकाळ अशी संपवायला कोणीच तयार नव्हतं, मीही नाही.

जळू सोडून नकली आमिष फेकायचं. नकली आमिष मासा सहसा गिळत नाही, चावून थुंकतो, म्हणून हुक बहुतेक वेळा तोंडाच्या पुढच्या भागात लागतो. पण त्यासाठी सतत फेकणं आणि ओढणं आलं, आणि चार जणांच्या छोट्या बोटीत, तेही अंधार पडताना, नवशिक्यांच्या हाती तीन-तीन टोकांचे हुक देणं मला धोक्याचं वाटलं.

गोल हुक बांधायचे. हे हुक आत वळलेले असतात. झटका न देता दोरा फक्त गुंडाळत आणला की ते घशातून सरकून ओठाच्या कोपऱ्यात बसतात. माझ्या मते हा सर्वात योग्य पर्याय होता. पण माझ्या पेटीत एकही गोल हुक नव्हता.

आहे तीच पद्धत ठेवून हात बदलायचे. बॉबर बुडाल्यापासून काठी उचलेपर्यंतचा वेळ दहा सेकंदांवरून दोनवर आणायचा. यात चुकलेले मासे वाढणार हे उघड होतं. पण सोडायचाच मासा चुकला तर आपलं काय जातं?

शेवटचा पर्याय ठरला. त्याबरोबर मी एक अट घातली: आणखी दोन हुक खोल गेले की त्या क्षणी नांगर उचलायचा. ही अट सुरुवातीलाच असायला हवी होती.

काय केलं

काठ्या आधारातून काढून प्रत्येकाच्या हातात दिल्या. काठीचं टोक बॉबरच्या दिशेने, आणि वाऱ्याने दोऱ्यात पडणारा झोळ सतत गुंडाळत राहायचा. झोळ राहिला की बॉबर बुडालेला दिसूनही काठी उचलल्यावर माशापर्यंत काही पोहोचतच नाही. आधी झोळ आवरायचा, मग ओढायचं, आणि तेवढ्यात मासा गिळून मोकळा होतो. माझ्या मते खोल हुकांचं निम्मं कारण काकांची सवय नव्हती, हा झोळ होता. तो मी लक्षात घेतला नव्हता.

हुक एका मापाने मोठे बांधले आणि पक्कडीने त्यांचे उलटे काटे दाबून टाकले, म्हणजे सोडवताना जखम कमी होईल. नातीला काम दिलं: कोणाचाही बॉबर बुडाला की मोठ्याने नाव घ्यायचं. हे काम तिने फार मनापासून केलं. काकांसाठी सर्वात अवघड गोष्ट थांबायचं नाही ही होती. साठ वर्षांची सवय. पहिल्या दोन बुडालेल्या बॉबरांना त्यांचा हात पुन्हा वर गेला आणि नात "आजोबा, आता!" असं किंचाळली.

परिणाम

पुढच्या सव्वा तासात पाच वेळा काठी उचलून हाती काहीच लागलं नाही. सात मासे बोटीपर्यंत आले. सहांचा हुक ओठात किंवा तोंडाच्या पुढच्या भागात होता, एकाचा घशात. ओठातल्यांपैकी एकालाही आम्ही पाण्याबाहेर काढलं नाही, पक्कडीने पाण्यातच सोडवले. काकांनी चार धरले, त्यांत सर्वात मोठा सव्वीस इंची. त्याचा फोटो नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं.

पावणेदहाला नांगर उचलला. धक्क्यावर बोटीतलं पाणी काढलं, तळाचं बूच उघडलं, उरलेल्या जळवा कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. वापरून उरलेलं जिवंत आमिष इथे पाण्यात सोडता येत नाही. झेब्रा शिंपल्यांचा अनुभव आल्यावर हा नियम कोणाला पटवून द्यावा लागत नाही.

पहिल्या तीन खोल माशांपैकी एक आमच्या डोळ्यांदेखत मेला. दुसरे दोन वर आले नाहीत. त्यावरून ते जगले असं म्हणता येत नाही, मेलेला मासा दरवेळी तरंगतोच असं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. आम्ही दुसऱ्या दिवशी एका लहान तलावावर गेलो, जिथे राज्याचा सर्वसाधारण नियम लागू होता: त्या वेळी माणशी सहा वॉलआय, त्यांत वीस इंचांवरचा फक्त एक. तिथे काकांची सवय कुणालाच खुपली नसती. शिकण्याच्या चुका जिथे मासा ताटात जाणार तिथे व्हाव्यात, आणि सोडायच्या तलावावर हात बसल्यावर जावं. मिल लॅक्सचं नाव मोठं म्हणून मी तिथे आधी नेलं, दुसरं काही कारण नव्हतं.

पाहुण्याला नियम सांगताना आम्ही त्यामागचं कारण गाळलं. मुलाला वाटलं, बाबांना बोटीवर गेल्यावर सांगू. मला वाटलं, मुलाने सांगितलं असेल. आणि सांगायची वेळ आली तेव्हा "कायदा आहे" एवढंच सांगितलं गेलं. काका आयुष्यभर मासे धरणारा माणूस. त्यांना हिशेब दाखवला तेव्हा त्यांनी स्वतःहून हात बदलला. तोच हिशेब धक्क्यावर पाच मिनिटांत सांगता आला असता आणि पहिली मादी बहुधा वाचली असती.

मेलेल्या माशाबद्दल काकांचं म्हणणं मला अजूनही सोडत नाही. अन्न वाया घालवू नये हे त्यांचं मत चूक म्हणवत नाही. तरी नियम असाच असायला हवा असं माझं मत आहे. मेलेला मासा नेता येतो म्हटलं की मासे "चुकून" मरायला लागतील, आणि कोणता खरोखर चुकून मेला हे तपासायला बोटीत कोणी नसतं. हे मी त्यांना त्याच रात्री गाडीत सांगितलं. ते म्हणाले, "मग तुमचं काम तो न मरू देण्याचं आहे." वाद तिथे संपला.

गरम पाण्याचा विचार मी निघण्याआधी करायला हवा होता. सोडायचेच मासे असतील तर मे महिन्याची शेवटची किंवा जूनची पहिली संध्याकाळ घ्यावी, पाणी पासष्ट अंश फॅरनहाइटच्या खाली असताना. तेव्हा काकांची व्हिसावरची तारीख जुळत नव्हती असं नाही, माझ्या सुट्टीची जुळत नव्हती.

आणि गोल हुक. एक डझनाचं पाकीट खिशाला जाणवतही नाही. आता पेटीत कायम असतं, आणि नवशिक्याच्या दोऱ्याला तेच बांधतो.

दुसरा दिवस आणि पुढे

लहान तलावावर चार मासे ठेवले, पंधरा ते अठरा इंचांचे. काकांनी ते स्वतः साफ केले. वॉलआयला बारीक काटे फार कमी, मांस पांढरं आणि पाकळ्या पडणारं. घरून आणलेला आगरी मसाला, तांदळाच्या पिठात घोळवून तळलेले तुकडे, आणि डोकी-काट्यांचं कालवण. नातीने आयुष्यात पहिल्यांदा मासा मागून घेतला. साफ करताना काकांनी प्रत्येकाचं तोंड उघडून हुक कुठे लागला होता ते तिला दाखवलं. चारही ओठात.

परत जाताना त्यांनी सामानात सहा स्लिप बॉबर, मणी आणि धाग्याच्या गाठींचं एक पाकीट नेलं. पावसाळ्यानंतर मुलाला फोन आला. तळ्यात बॉबर टाकला होता आणि तो आडवाच पडत होता.

मुलगा म्हणाला, "बाबा, शिसं वाढवा. एक गोळी कमी पडत असेल."

"ते आधीच वाढवलं," काका म्हणाले. "खाली चिखल आहे, जिताड्याचं आमिष रुततंय. गाठ फूटभर खाली घेतली, आता उभा राहिलाय."